एकच मोडलेले गुणसूत्र, वेगवेगळी निदाने: स्कॉटलंडमधील एका कुटुंबाचा अभ्यास

१९६० च्या दशकाच्या अखेरीस एडिंबरा येथील मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या शास्त्रज्ञांनी स्कॉटलंडमधील बोर्स्टलमध्ये, म्हणजे गुन्ह्यात सापडलेल्या किशोरवयीन मुलांच्या सुधारगृहात, ठेवलेल्या मुलांच्या रक्ताचे नमुने घेऊन त्यांची गुणसूत्रे तपासली. (बोर्स्टल हा शब्द आपल्याला अगदीच परका नाही, मुंबई इलाख्यात बोर्स्टल शाळांचा कायदा १९२९ मध्येच झाला होता.) त्यांतील एका मुलाच्या पेशींत पहिल्या आणि अकराव्या क्रमांकाच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झालेली आढळली. मग त्याच्या आईवडिलांकडील नातेवाईकांची तपासणी झाली आणि हाच बदल त्या घराण्यात अनेकांकडे असल्याचे दिसले. पॅट्रिशिया जेकब्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० मध्ये या कुटुंबाची नोंद प्रसिद्ध केली. त्या वेळी तिचे महत्त्व गुणसूत्रांच्या अभ्यासापुरतेच होते. त्या घरातील माणसांच्या मनाचे काय झाले, हा प्रश्न गांभीर्याने विचारला जाण्यासाठी आणखी २० वर्षे जावी लागली.

मानसिक आजाराचा आणि घराण्याचा संबंध समजून घेण्यासाठी मी हेच प्रकरण निवडले, कारण इथे वारशाने काय आले ते सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. एरवी एखाद्या घरात आजोबांना वेड लागले होते, आत्या कायम उदास असे आणि नातवाला स्किझोफ्रेनिया (भास आणि भ्रम होणारा गंभीर मानसिक आजार) झाला, असे आपण ऐकतो तेव्हा त्या तिघांना नेमके एकच काही मिळाले होते की तीन वेगळ्या गोष्टी एका छपराखाली योगायोगाने घडल्या, हे सांगता येत नाही. या स्कॉटिश घरात ते सांगता येते. कोणाला काय मिळाले हे नक्की ठाऊक आहे, आणि तरीही ज्याला ते मिळाले त्याचे पुढे काय होईल हे नक्की सांगता येत नाही. या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत या प्रकरणाचे सगळे मोल आहे.

प्रथम, अभ्यास कोणत्या वातावरणात सुरू झाला हे नोंदवले पाहिजे. बोर्स्टलमधील मुलांचे रक्त घेण्यामागे गुन्हेगारीचे मूळ गुणसूत्रांत शोधण्याची त्या काळातील धडपड होती. १९६५ मध्ये याच गटाने कार्स्टेअर्स येथील सरकारी मनोरुग्णालयात, धोकादायक समजल्या जाणाऱ्या पुरुषांमध्ये, एक जादा वाय गुणसूत्र असलेल्यांचे प्रमाण अपेक्षेपेक्षा जास्त असल्याचे जाहीर केले होते. त्यावरून ‘गुन्हेगारीचे गुणसूत्र’ ही कल्पना वर्तमानपत्रांपासून न्यायालयांपर्यंत पोचली आणि पुढे ती टिकली नाही. जादा वाय गुणसूत्र असलेले बहुसंख्य पुरुष सर्वसामान्य आयुष्य जगतात आणि त्यांतील अनेकांना आपल्याकडे ते आहे हेही कधी कळत नाही. म्हणजे शोध निघाला होता एका चुकीच्या प्रश्नाचे उत्तर शोधायला, आणि हाती लागले ते भलत्याच, अधिक खोल प्रश्नाचे साहित्य. ज्या मुलांच्या बाजूने बोलणारे कोणी नव्हते त्यांच्याच दंडातून हे रक्त काढले गेले होते, ही गोष्ट या संशोधनाचे कौतुक करताना मला विसरता येत नाही.

नेमके काय मोडले होते

माणसाच्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. या कुटुंबात पहिल्या गुणसूत्राच्या लांब भुजेचा टोकाकडचा भाग तुटून अकराव्या गुणसूत्राला जोडला गेला आहे आणि अकराव्याच्या लांब भुजेचा तुकडा पहिल्याला. याला संतुलित स्थानांतरण म्हणतात. संतुलित अशासाठी की एकूण आनुवंशिक मजकूर कमी झालेला नाही आणि वाढलेलाही नाही. विश्वकोशाच्या पहिल्या आणि अकराव्या खंडांच्या शेवटची पाने बांधणीत आपसात बदलली गेली, तर सगळी पाने कपाटात असतातच. फक्त जिथे कात्री चालली तिथली एखादी नोंद मधोमध कापली जाते आणि तिचा अर्धा भाग एका खंडात, उरलेला दुसऱ्या खंडात जातो. अशी स्थानांतरणे दुर्मीळ नाहीत. साधारण ५०० माणसांत एकाकडे कोणते ना कोणते संतुलित स्थानांतरण असते, आणि बहुतेकांना त्याचा पत्ता लागतो तो वारंवार गर्भपात झाल्यावर केलेल्या तपासणीत, किंवा लागतच नाही. त्यामुळे ‘गुणसूत्र मोडलेले आहे’ एवढ्यावरून आजार होईल असे मुळीच ठरत नाही; कात्री कुठे चालली यावर सारे अवलंबून असते.

गुणसूत्रांवर पट्टे उमटवून त्यांचे भाग ओळखण्याचे तंत्र त्या सर्वेक्षणाच्या वेळी प्रचारात आलेले नव्हते. केवळ आकार आणि ठेवण पाहून तज्ज्ञांनी हा बदल ओळखला होता. तुटण्याची जागा पुढे जसजशी साधने सुधारली तसतशी अधिक नेमकी होत गेली.

हे स्थानांतरण असलेल्या आईच्या किंवा वडिलांच्या मुलांपैकी ज्यांच्या पेशींत मजकूर पुरता असतो, त्यांच्यात साधारण निम्म्यांना नेहमीची जोडी मिळते आणि निम्म्यांना बदललेली. वाहक, म्हणजे बदललेले गुणसूत्र बाळगणारी व्यक्ती, होण्यासाठी एकाच पालकाकडून आलेली प्रत पुरते. आपल्याकडे, विशेषतः दक्षिण महाराष्ट्रात, मामाच्या मुलीशी लग्न केल्याने आजार येतो का अशी शंका हमखास निघते, म्हणून सांगतो: नात्यातील लग्नाचा धोका मुख्यतः अशा आजारांत असतो ज्यांत सदोष जनुकाची प्रत दोन्ही पालकांकडून यावी लागते. या कुटुंबातील वारशाची रीत ती नाही.

१९९० आणि २००१ ची गणती

डेव्हिड सेंट क्लेअर, डग्लस ब्लॅकवूड, वॉल्टर म्यूर आणि सहकारी या कुटुंबाकडे पुन्हा गेले आणि १९९० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी निष्कर्ष मांडले. ज्यांची गुणसूत्रे तपासता आली अशा ७७ जणांपैकी ३४ जणांकडे स्थानांतरण होते. या ३४ पैकी १६ जणांना मानसिक विकाराचे निदान झालेले होते. स्थानांतरण नसलेल्या ४३ जणांत ही संख्या फक्त ५ होती. त्या ४३ जणांचे महत्त्व मला विशेष वाटते. ते त्याच घरातील, त्याच आडनावाचे, पुष्कळदा त्याच घरात वाढलेले सख्खे आणि चुलत नातेवाईक आहेत. घरचे वातावरण, गरिबी, शिस्त, कोणाची तापट वाणी, हे सगळे दोन्ही गटांच्या वाट्याला बऱ्याच अंशी सारखेच आले असणार. दोघांत ठळक फरक होता तो एका कापलेल्या जागेचा.

ब्लॅकवूड आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये अधिक तपशीलवार अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांची मानसिक प्रकृती नीट तपासता आली अशा २९ वाहकांपैकी ७ जणांना स्किझोफ्रेनिया होता, एकाला बायपोलर म्हणजे द्विध्रुवीय विकार होता आणि १० जणांना पुन्हा पुन्हा उलटणारे तीव्र नैराश्य होते. स्थानांतरण नसलेल्या ३८ नातेवाइकांत या तिन्हींपैकी एकही आजार कोणाला नव्हता. दोन बाबी कुटुंबात एकत्र वाहत येत आहेत की ती केवळ योगायोगाची गाठ आहे, हे मोजण्यासाठी आनुवंशशास्त्रात लॉड स्कोअर नावाचे माप वापरतात. ते ३ च्या वर गेले, म्हणजे योगायोगापेक्षा संबंधाची शक्यता हजारपट झाली, की संबंध मान्य करण्याची प्रथा आहे. या कुटुंबात केवळ स्किझोफ्रेनिया हाच आजार धरला तर हे माप ३.६ येते, केवळ नैराश्य व बायपोलर धरले तर ४.५, आणि तिन्ही आजार एकाच गोष्टीची रूपे मानून एकत्र धरले तर ७.१, म्हणजे योगायोगाच्या तुलनेत सव्वा कोटी पटींहून अधिक. मनोविकारशास्त्रात एका कुटुंबापुरता इतका भक्कम पुरावा फार क्वचित मिळाला आहे.

हे तीन आकडे एकापुढे एक ठेवून पाहावेत. रुग्णालयाच्या कागदांवर स्किझोफ्रेनिया आणि नैराश्य हे निराळे आजार आहेत. त्यांची औषधे निराळी, त्यांच्याविषयीची समजूत निराळी, आणि समाजात त्यांना मिळणारी वागणूकही निराळी. पण या घराच्या वंशावळीने त्यांना निराळे मानले तेव्हा पुरावा दुबळा झाला आणि एकत्र मानले तेव्हा बळकट झाला. ज्या बदलामुळे भावाला आवाज ऐकू येऊ लागले असतील, त्याच बदलाने बहिणीला दर काही वर्षांनी अंथरुणाला खिळवले असेल. वारशाने ‘स्किझोफ्रेनिया’ उतरला नाही आणि ‘नैराश्य’ही उतरले नाही, मेंदूच्या जडणघडणीतील एक कमकुवतपणा उतरला, आणि त्याने कोणाच्या आयुष्यात कोणते रूप घ्यावे हे इतर बाबींनी ठरवले. ज्या मुलापासून हा शोध सुरू झाला त्याच्याकडे तर सुरुवातीला वर्तनाची समस्या असलेला बंदी म्हणूनच पाहिले गेले होते. एका पिढीत ‘वाया गेलेला’ ठरलेला मुलगा आणि दुसऱ्या पिढीतील मनोरुग्ण ही एकाच गोष्टीची रूपे असू शकतात, हे ओळखण्यासाठी सगळी वंशावळ समोर असावी लागते.

याच अभ्यासात आणखी एक तपासणी होती. कानावर एकसारखे ध्वनी पडत असताना मध्येच वेगळा ध्वनी आला की मेंदूत सुमारे ३०० मिलिसेकंदांनी विद्युत प्रतिसादाची एक लाट उमटते. तिला पी-३०० म्हणतात. स्किझोफ्रेनिया असलेल्या अनेक रुग्णांत ही लाट क्षीण असते. या कुटुंबात ती आजारी वाहकांत तर बदललेली होतीच, पण आजाराचे एकही लक्षण नसलेल्या काही वाहकांतही तसाच बदल दिसला. म्हणजे मेंदूच्या पातळीवर वारसा पोचलेला होता, तरी तो माणूस आजारी नव्हता. निरोगी वाहक हा ‘सुटलेला’ माणूस नसून त्याच्यात बदल आणि स्वास्थ्य एकत्र नांदत आहेत, असे त्याचे वर्णन करणे मला अधिक रास्त वाटते.

कापलेली नोंद

तुटलेल्या जागी कोणते जनुक आहे याचा शोध २००० मध्ये लागला. कर्स्टी मिलर, डेव्हिड पोर्टियस आणि सहकाऱ्यांनी दाखवले की पहिल्या गुणसूत्रावर कात्री नेमकी एका जनुकाच्या मधोमध चालली आहे. ते तोवर कोणाला ठाऊक नव्हते. त्याला त्यांनी ‘स्किझोफ्रेनियात खंडित झालेले’ अशा अर्थाचे नाव दिले. लघुरूपात ते डिस्क-१ म्हणून ओळखले जाते. त्याच ठिकाणी उलट दिशेने वाचले जाणारे आणखी एक जनुक होते, तेही कापले गेले होते.

डिस्क-१ पासून बनणारे प्रथिन स्वतः फारसे काम करत नाही. इमारतीच्या बांधकामात परांची जशी गवंड्याला आणि मालाला योग्य जागी धरून ठेवते, तसे ते इतर अनेक प्रथिनांना एकत्र आणून ठेवते. गर्भावस्थेत मेंदूच्या नव्या पेशी तयार होणे, त्यांनी आपापल्या थरांत जाऊन बसणे, त्यांच्या शाखा फुटणे आणि पुढे त्यांच्यातील संदेशांची देवाणघेवाण, या सर्वांशी संबंधित प्रथिने त्याला येऊन चिकटतात. २००५ मध्ये याच एडिंबराच्या गटाने दाखवले की पेशीतील संदेशवहनाचे नियमन करणाऱ्या पीडीई-४बी या विकराशी (एन्झाइमशी) डिस्क-१ जोडले जाते. घराचा पाया घालतानाच परांची डळमळीत असेल तर भिंत कोसळतेच असे नाही, पण तिच्यात कुठेतरी कललेपण राहू शकते, आणि ते पहिल्या मोठ्या पावसात दिसू शकते. हा दृष्टान्त मी जपून वापरतो आहे, कारण मेंदू ही इमारत नव्हे आणि तो आयुष्यभर स्वतःला सावरत असतो.

इथवर कथा सरळ वाटते. पुढच्या दोन दशकांनी तिला इतके सरळ राहू दिले नाही, आणि तो भाग टाळून हे प्रकरण सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. जगभरातील हजारो रुग्णांच्या जनुकांची तपासणी करणारे प्रचंड अभ्यास सुरू झाले. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशा एका अभ्यासात स्किझोफ्रेनिया असलेल्या ७६,७५५ जणांची तुलना २,४३,६४९ इतरांशी करण्यात आली आणि जनुकसंचातील २८७ ठिकाणे आजाराशी संबंधित आढळली. डिस्क-१ त्या यादीत ठळकपणे आले नाही. त्याच्याही आधी, २०१३ मध्ये, डिस्क-१ ला स्किझोफ्रेनियाचे जनुक म्हणणे योग्य आहे का अशी स्पष्ट शंका शास्त्रज्ञांमध्ये छापील स्वरूपात मांडली गेली होती. शंका घेणाऱ्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की शितावरून भाताची परीक्षा करावी हे खरे, पण हे शीत त्या भांड्यातले आहे याची खात्री आधी करावी. एका घराण्यातील अपवादात्मक मोडतोडीवरून लाखो रुग्णांच्या आजाराचे स्पष्टीकरण देता येणार नाही. एडिंबराच्या गटाचे उत्तर असे, की दुर्मीळ पण जबर आघात करणारा बदल आणि सर्वत्र आढळणारे पण किरकोळ परिणामाचे बदल हे दोन वेगळे मार्ग आहेत, आणि पहिल्या मार्गावरून मेंदूत काय बिघडते हे अधिक स्पष्ट दिसते. शिवाय अकराव्या गुणसूत्राच्या बाजूनेही मजकूर कापला गेला असून दोन्ही बाजूंचे अर्धे भाग जोडले जाऊन नवेच काही वाचले जात असण्याची शक्यता आहे. त्यामुळे सगळा दोष डिस्क-१ वर टाकणेही घाईचे ठरेल.

माझे मत असे की दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर आहेत आणि त्यांच्यातील वादाने या कुटुंबाविषयीचा मूळ निष्कर्ष हलत नाही. स्थानांतरण आणि आजार या घरात एकत्र वाहत आले, हे निरीक्षण कोणी खोडून काढलेले नाही. वाद आहे तो एका घराचे सत्य इतर किती घरांना लावावे याबद्दल.

आईवरचा आरोप आणि रक्तावरचा आरोप

अशा निष्कर्षांचा माणसांवर काय परिणाम होतो हे कळण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १९४८ मध्ये मनोविश्लेषक फ्रीडा फ्रॉम-राइशमान यांनी मुलात स्किझोफ्रेनिया निर्माण करणारी आई अशी संकल्पना मांडली. स्वमग्न म्हणजे ऑटिस्टिक मुलांच्या बाबतीत ‘थंड आई’ची कल्पना रुजली. दोन पिढ्यांतील मातांनी हा आरोप डॉक्टरांच्या तोंडून ऐकला आणि खरा मानला. १९७७ मध्ये सुझन फोल्स्टीन आणि मायकेल रटर यांनी ब्रिटनमधील २१ जुळ्या जोड्यांचा छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. एकबीज जुळ्यांच्या ११ जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोन्ही भावंडांना स्वमग्नता होती. द्विबीज जुळ्यांच्या १० जोड्यांत एकाही जोडीत तसे नव्हते. पण स्वमग्नतेऐवजी भाषा किंवा आकलनाची कोणतीही अडचण धरली, तर एकबीज जोड्यांतील साम्य ११ पैकी ९ वर गेले. स्कॉटिश कुटुंबात १९९० मध्ये जे दिसले त्याची चाहूल इथे लागते: निदान एकसारखे उतरत नाही, त्याच्यामागची ठेवण उतरते.

आज ज्यांना न्यूरोडायव्हर्जंट म्हटले जाते, म्हणजे स्वमग्नता, एडीएचडी (लक्ष टिकवण्यातील अडचण आणि अतिचंचलता), वाचनाच्या अडचणी यांसह जगणारी माणसे, त्यांच्या घरांतही हेच चित्र आहे. सोळाव्या गुणसूत्रावर सुमारे सहा लाख अक्षरांचा एक भाग आहे. तो काही माणसांत नाहीसा झालेला असतो, तर काहींत दुप्पट. २००८ मध्ये त्याचा संबंध स्वमग्नतेशी दिसला आणि २००९ मध्ये त्याच्या दुप्पट होण्याचा संबंध स्किझोफ्रेनियाशी. तोच बदल एखाद्या मुलात बोलणे उशिरा सुरू होण्याच्या रूपात दिसतो, दुसऱ्यात अतिचंचलतेच्या, आणि कधी कधी मुलाची तपासणी करताना कळते की तो बदल त्याच्या वडिलांकडेही आहे, ज्यांना आयुष्यात कोणतेही निदान झालेले नाही. २०१३ मध्ये स्वमग्नता, एडीएचडी, बायपोलर, तीव्र नैराश्य आणि स्किझोफ्रेनिया या पाचांची एकत्र तुलना झाली तेव्हा त्यांच्यात काही आनुवंशिक धागे सामाईक निघाले. मुलाच्या एडीएचडीचे निदान ऐकताना समोर बसलेले वडील ‘मीही असाच होतो’ म्हणतात, तेव्हा ते सहज बोलून गेलेले नसतात. ती वंशावळीची पहिली नोंद असते, आणि डॉक्टरांनी ती लिहून घ्यावी.

आईवरचा आरोप गेला, पण त्याच्या जागी रक्तावरचा आरोप सहज येऊन बसतो. ‘खाण तशी माती’ ही आपली म्हण त्याला तयारच असते. हिंदू विवाह कायदा, १९५५ मध्ये विवाहाच्या अटींत अशा प्रकारच्या किंवा इतक्या तीव्रतेच्या मानसिक विकाराचा उल्लेख आहे की ज्यामुळे व्यक्ती विवाहास आणि संततीस अयोग्य ठरते. कायद्याची भाषा सावध असली तरी सोयरिकीत ती सावधगिरी उरत नाही. मुलीच्या काकाला वेड होते एवढे कळले की बोलणी थांबतात. म्हणून मुलीकडचे लपवतात, लग्नानंतर गोष्ट उघड होते, औषधे चोरून घ्यावी लागतात किंवा बंद होतात, आणि आजार मुळात जितका झाला असता त्याहून अधिक बिघडतो. स्कॉटिश कुटुंबातील जोखीम ही माहीत असलेल्या जोखमींत सर्वांत जबर म्हणावी अशी. तिथेही वाहकाच्या अपत्याला बदललेले गुणसूत्र न मिळण्याची शक्यता निम्मी आहे. सर्वसामान्य घरात, जिथे एखाद्या काकाला स्किझोफ्रेनिया आहे आणि असे कोणतेही स्थानांतरण नाही, तिथे पुतणीची जोखीम याच्या जवळपासही जात नाही. डेन्मार्कमध्ये ३१ हजारांहून अधिक जुळ्या जोड्यांच्या नोंदींवरून २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात स्किझोफ्रेनियाची आनुवंशिकता सुमारे ७९ टक्के काढण्यात आली. तरी एकबीज जुळ्यांपैकी एकाला आजार झाला असता दुसऱ्यालाही होण्याचे प्रमाण सुमारे ३३ टक्केच होते. ७९ टक्के हा आकडा लोकसंख्येतील फरकांविषयी बोलतो, एका माणसाच्या भवितव्याविषयी नव्हे. वर्तमानपत्रांत हे दोन आकडे एकत्र छापले जात नाहीत, आणि पहिला एकटा वाचून घाबरलेली घरे पुष्कळ आहेत.

याचा अर्थ घराण्याचा इतिहास निरुपयोगी आहे असा अजिबात नाही. आईला तीव्र नैराश्य आणि मामाला बायपोलर असलेला तरुण पहिल्यांदा उदास होऊन डॉक्टरांकडे येतो, तेव्हा ही माहिती उपचार बदलू शकते: अशा घरात नुसत्या नैराश्यविरोधी औषधाने मन उसळून उन्मादाकडे जाण्याची शक्यता डॉक्टर ध्यानात ठेवतात आणि लक्ष ठेवून औषध देतात. ज्या घरात स्किझोफ्रेनिया आहे तिथल्या किशोरवयीन मुलाने गांजापासून दूर राहावे, झोप बिघडू लागली, माणसांतून अंग काढून घेणे सुरू झाले तर ते ‘वयच तसे आहे’ म्हणून सोडू नये, हे घरच्यांना आधीच सांगितलेले असले तर महिनोन्‌महिने वाचतात. ही माहिती लपवण्याची जी किंमत आहे ती पुढच्या पिढीतले मूल चुकवते. मात्र ती माहिती शिक्का म्हणून नव्हे, मधुमेहाच्या किंवा हृदयविकाराच्या घराण्याची माहिती आपण जशी सांगतो तशी सांगता आली पाहिजे.

शोधनिबंधांत या स्कॉटिश कुटुंबाचे नाव नाही. वंशावळीच्या आकृतीत ती माणसे चौकोन आणि वर्तुळे आहेत, काही भरलेली, काही रिकामी. भरलेल्या आकृत्यांवर तीन दशके संशोधन झाले. त्यांच्या जनुकांची नक्कल असलेले उंदीर तयार झाले, त्यांच्या पेशींपासून प्रयोगशाळेत चेतापेशी वाढवल्या गेल्या. पण २००१ च्या गणतीत २९ वाहकांपैकी ११ जणांना स्किझोफ्रेनिया, बायपोलर किंवा उलटणारे तीव्र नैराश्य यांपैकी काहीही नव्हते. त्यांतील काहींना सौम्य तक्रारी होत्या, इतरांना नव्हत्या. तेच गुणसूत्र, तीच कापलेली नोंद, काहींत तीच क्षीण विद्युत लाट. २०१८ मध्ये या कुटुंबातील व्यक्तींचे संपूर्ण जनुकसंच वाचून प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जनुकसंचातील इतर काही ठिकाणे स्थानांतरणाचा परिणाम कमी-अधिक करत असावीत असे सुचवले गेले. ती ठिकाणे वाहक नसलेल्या, बाहेरून लग्न होऊन आलेल्या जोडीदाराकडूनही आलेली असू शकतात. त्या ११ जणांना वाचवले कोणी, जोडीदाराच्या घरून आलेल्या जनुकांनी, बालपणातील एखाद्या स्थिर माणसाने, मिळालेल्या नोकरीने की यांतल्या अनेकांनी मिळून, हे शोधण्यासाठी त्यांच्याकडे आजाऱ्यांकडे जितक्या आस्थेने पाहिले गेले तितक्याच आस्थेने पाहावे लागेल.